तिथी ठरली नव्हती, पण तिथी साधली
आवळीभोजनाच्या निमित्ताने

कार्तिक हा आपल्याकडे पहाटेचा महिना मानला जातो. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या देवळांतून काकड आरतीचे सूर अंधारातच कानांवर येतात. नदीकाठी कार्तिकस्नान, अंगणात आकाशदिवा, एकादशीला पंढरीची वारी, द्वादशीपासून तुळशीची लग्ने, वैकुंठ चतुर्दशीला हरिहरांची भेट आणि पौर्णिमेला दीपमाळांचा उजेड, अशी ही मालिका आहे. याच मालिकेत एक साधेसे व्रत दडलेले आहे. त्याला ना सोवळ्याओवळ्याचा मोठा थाट लागतो, ना चौरंग-मखराची आरास. रानात, मळ्यात किंवा परसात आवळीचे झाड पाहावे, त्याच्या मुळाशी पाणी घालावे, हळदकुंकू वाहावे, खोडाला सूत गुंडाळीत प्रदक्षिणा घालाव्यात आणि त्याच झाडाच्या सावलीत आप्तेष्टांसह चार घास जेवावेत. हेच आवळीभोजन.

कार्तिक शुद्ध नवमीला या व्रताचे विशेष महत्त्व सांगितले आहे. हिलाच कोणी आवळा नवमी म्हणतात, कोणी कूष्मांड नवमी म्हणून कोहळ्याचे दान करतात, तर कोणी अक्षय्य नवमी म्हणतात. आवळीच्या ठायी श्रीविष्णूंचा वास असतो, अशी श्रद्धा आहे. आणि या दिवशी केलेल्या सत्कृत्याचे पुण्य क्षय पावत नाही, असा या नावाचा अर्थ लावला जातो. ज्या घरी परसू आहे त्या घरी हे व्रत सहज घडते. आमच्यासारख्या, पुण्यातील इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी ते कोठे करावे? वर्षानुवर्षे आम्ही या प्रश्नाचे उत्तर ‘पुढच्या वर्षी पाहू’ असेच देत आलो होतो. २०२४ सालच्या नवमीने मात्र आम्हांला वेगळे उत्तर दिले. त्याचीच ही हकीकत.

दारावरची थाप

त्या वर्षी नवमी १० नोव्हेंबरला, रविवारी आली होती. दिवाळीची सुटी संपत आलेली, पाचवीत शिकणारा नातू आमच्याकडेच राहिलेला, डब्यांच्या तळाशी चकल्यांचा चुरा आणि शंकरपाळी उरलेली. आमच्या मातोश्रींचे वय तेव्हा अठ्ठ्याऐंशी होते. गुडघ्यांमुळे त्यांचे जिने उतरणे जवळजवळ थांबले होते. परंतु पंचांगाचे पान मात्र त्या रोज न चुकता पाहत. सकाळी चहाचा पेला खाली ठेवीत त्या एवढेच म्हणाल्या, “आज आवळीची नवमी. वाई सुटल्यापासून आवळीखाली बसले नाही.”

त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य अधिक लागले. वाई आम्ही सोडली ती वडिलांच्या बदलीमुळे, शाळकरी वयात. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांचा काळ लोटला होता. आम्ही नेहमीप्रमाणे ‘पुढच्या वर्षी’ म्हणण्याच्या बेतात होतो, तोच दारावर थाप पडली.

दारात आमचे वाईचे बालमित्र सपत्नीक उभे होते. शाळेत एका बाकावर बसलेले, पुढे पुण्यातच नोकरी केलेले. पण एकाच शहरात राहूनही आमची गाठ लग्नमुंजीपलीकडे पडत नसे. शाळासोबत्यांनी एक दिवस वाईत एकत्र यावे, असा बेत आम्ही गेल्या काही वर्षांत तीन वेळा आखला होता. याद्या झाल्या, तारखा ठरल्या, वर्गणीचे आकडेही ठरले. आणि तिन्ही वेळा कोणाचे दुखणे, कोणाच्या घरचे कार्य, कोणाचा परदेशचा प्रवास आड आला. असा मित्र पूर्वसूचनेशिवाय सकाळी साडेसातला दारात उभा राहिला की मन आधी शंकितच होते.

“वाईला निघालो होतो. उद्या वाड्याची किल्ली द्यायची आहे. तुमच्या कोपऱ्यावर आलो आणि वाटलं, विचारून पाहावं. गाडीत जागा आहे. येता का?” ते म्हणाले.

वाडा विकला गेला, हे आम्हांला त्या क्षणी कळले. वाटेकरी चौघे चुलतभाऊ. तिघांना पैशाची गरज होती, आणि दुरुस्तीचा खर्च कोणा एकाला झेपणारा नव्हता. यात कोणाला दोष द्यावा असे काहीच नव्हते. आम्ही काही बोलण्यापूर्वीच आतून मातोश्रींचा आवाज आला, “त्या वाड्याच्या परसात आवळी आहे ना रे अजून?”

“आहे काकू.”

“मग मी येते.”

तिसऱ्या मजल्यावरून खाली

आमच्या सौभाग्यवतींनी पंधरा मिनिटांत जे केले, ते आठ दिवस आधी ठरवून झाले नसते. भिजवलेल्या कणकेच्या पोळ्या, उकडून ठेवलेल्या बटाट्यांची भाजी, दहीभात, मोरावळ्याची बरणी आणि उरलेला फराळ. मातोश्रींचा चातुर्मास चालू असल्याने कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य होतेच. तेव्हा काय करावे यापेक्षा काय करू नये हाच हिशेब सोपा होता. ताम्हन, पळी, निरांजन, फुलवाती आणि कुंकवाचा करंडा यांची पिशवी मातोश्रींनी स्वतः भरली.

प्रश्न होता तो जिन्याचा. मित्रांचा तरुण भाचा गाडी चालवायला आला होता. त्याने आणि आम्ही खुर्चीचे दोन्ही बाजूंचे हात धरले आणि मातोश्रींना पालखीतून न्यावे तसे खाली नेले. नातू पुढे निरांजनाची पिशवी घेऊन चालला होता. शेजारच्या दारातून कोणी घाबरून विचारले, “काय झाले? दवाखान्यात नेता का?” मातोश्रींनीच उत्तर दिले, “नाही हो, जेवायला चालले आहे.” दारे उघडून उभे राहिलेले सारे शेजारी हसले.

पुण्याहून वाई सुमारे नव्वद किलोमीटर. कात्रज मागे पडले, शिरवळ गेले, खंबाटकीचा घाट चढून उतरलो आणि सुरूरच्या फाट्याला हमरस्ता सोडून गाडी वाईकडे वळली. सारी वाट मित्र फारसे बोलले नाहीत. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी हातातच धरला होता. त्यांच्या पत्नी आणि आमच्या सौभाग्यवती मात्र लोणच्यापासून सुनांपर्यंत सर्व विषय उरकीत होत्या. पांडवगड दिसू लागला तशा मातोश्री सावरून बसल्या आणि नातवाला एकेक खूण दाखवू लागल्या.

प्रथम ढोल्या गणपतीचे दर्शन. अठराव्या शतकात सरदार रास्ते यांनी बांधवलेले हे देऊळ कृष्णेच्या घाटावरच आहे. एकाच शिळेतून घडविलेली ती भव्य मूर्ती पाहून नातू स्तब्ध झाला. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची का, हे त्याला आम्ही दाखविले. पूर आला की पाण्याचा लोंढा त्या निमुळत्या टोकावर दुभंगावा आणि देऊळ सुरक्षित राहावे, अशी ती योजना आहे. मातोश्रींना पायऱ्या झेपणाऱ्या नव्हत्या. त्यांनी गाडीतूनच हात जोडले. पळीभर कृष्णेचे पाणी आणून आम्ही त्यांच्या हातावर घातले. ते डोळ्यांना लावून त्या म्हणाल्या, “कृष्णाबाई, उशीर झाला.”

वाईत नदी ही केवळ नदी नाही, ती घरची बाई आहे. सात घाटांच्या सात आळ्या शिशिरापासून वसंतापर्यंत पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव करतात. ही परंपरा १६५९ साली अफझलखानाच्या स्वारीचे संकट टळावे म्हणून बोललेल्या नवसापासून सुरू झाली, असे वाईकर सांगतात. आमच्या लहानपणी आपल्या आळीचा उत्सव शेजारच्या आळीहून सरस व्हावा, यासाठी आम्ही पोरे किती धडपडत असू, याची आठवण तेथे उभे राहताच जागी झाली.

गावातच स्थायिक झालेले, टपाल खात्यातून निवृत्त झालेले आमचे तिसरे मित्र निरोप मिळताच घाटावर येऊन थांबले होते. त्यांना आम्ही शाळेपासून ‘पोस्टमास्तर’ म्हणत आलो. पुढे ते खरोखरच पोस्टमास्तर झाले. “तीन वेळा तारखा कळवल्या तेव्हा आला नाहीत. आज न कळवता आलात, हे बरं केलंत,” असे म्हणून त्यांनी मातोश्रींना वाकून नमस्कार केला. दानासाठी लागणारा कोहळा त्यांनी बाजारातून पैदा केला, आणि त्यांच्या घरून वरणभात व अळूची भाजी निघण्याची व्यवस्थाही केली.

आवळीची सावली

वाड्यापाशी आलो तेव्हा बारा वाजत आले होते. दिंडी दरवाजाला मोठे कुलूप. मित्र किल्ली लावून क्षणभर तसेच उभे राहिले. मग पोस्टमास्तरांनी पुढे होऊन दाराला खांदा लावला आणि आम्ही सारे आत शिरलो. ओटीवर धुळीचा थर, माजघरात कोनाड्यातील काजळीचे डाग, चौकातले वृंदावन कोरडे. परंतु परसात मात्र आड होता, आडाशेजारी धुण्याचा दगड होता, आणि त्या पलीकडे, फांद्यांना पोपटी फळांचे घोस लगडलेली, ती आवळी होती.

मित्रांच्या आजीने लावलेले हे झाड. १९६७ च्या ११ डिसेंबरला भल्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा वाईलाही हादरा बसला होता. आम्ही त्या वेळी नातवाच्याच वयाचे, पाचवीत होतो. भिंतींची भीती मनात बसली आणि मार्गशीर्षातल्या थंडीत आळीतली अनेक कुटुंबे पुढे कित्येक रात्री याच परसात, या झाडाच्या आसपास गोधड्या टाकून निजली. मित्रांच्या मातोश्री मोठ्या पातेल्यात पिठले शिजवून सर्वांना वाढीत. कोणाचे घर कोणते, कोणाचे मूल कोणते, हा हिशेब त्या दिवसांत राहिला नव्हता. वाडा त्या हादऱ्यांतून तरला. वाटणीतून मात्र तरला नाही, असे कोणी म्हटले नाही. पण ते प्रत्येकाच्या मनात आले असावे.

पोस्टमास्तरांनी आडाचे पाणी शेंदले. दोन्ही स्त्रियांनी झाडाखालची जागा झाडून सडा घातला. मातोश्रींना खुर्चीसह झाडाजवळ नेले. त्यांनी मुळाशी पाणी घातले, हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या, निरांजन ओवाळले. पोस्टमास्तरांच्या घरून सूत आले होते. प्रदक्षिणा घालणे त्यांना शक्य नव्हते; म्हणून सुताचे एक टोक त्यांच्या हाती दिले आणि दुसरे घेऊन नातू झाडाभोवती फिरू लागला. एक, दोन, तीन असे मोजीत त्या सूत सैल सोडीत होत्या आणि तो गुंडाळीत होता. खोडाजवळ बसलेली पणजी आणि फिरणारा पणतू, यांच्यामध्ये तो एक पांढरा धागा. एरवी खेळण्यातून मान वर न काढणाऱ्या त्या पोराने एकही फेरी चुकविली नाही.

कोहळा जवळच्या देवळातील पुजाऱ्यांना दिला, आणि पाने मांडली. पंगतीत आम्ही नऊ जण होतो. पोळी, भाजी, वरणभात, अळू, दहीभात, मोरावळा आणि झाडावरून तेव्हाच काढलेल्या आवळ्याच्या मीठ लावलेल्या फोडी. एक फोड खाऊन नातवाने तोंड वाकडे केले. “आता वर पाणी पी,” मातोश्री म्हणाल्या. तो पाणी प्याला आणि चकित होऊन पेल्याकडे पाहू लागला. तुरट आवळ्यावरचे साधे पाणीही गोड लागते, हे ज्याचे त्यालाच कळावे लागते.

जेवणाच्या भरात जुन्या गोष्टी निघाल्या. शाळेतून पळून नदीवर गेल्याबद्दल मिळालेला मार, उत्सवातील प्रसादाच्या द्रोणांची चोरी, एकाच सायकलवर तिघांनी मारलेल्या चकरा. पोस्टमास्तर नकला करू लागले आणि हसता हसता आमच्या डोळ्यांना पाणी आले. मित्रही हसत होते. मध्येच ते थांबले आणि पानाकडे पाहत म्हणाले, “मी एकटाच येणार होतो. ही नको म्हणत असताना आली. निघालो खरा, पण एकट्याने हे कुलूप उघडण्याचा धीर होईना. तुमच्या कोपऱ्यावर गाडी थांबवली ती त्यासाठी.”

कोणी काहीच बोलले नाही. मातोश्रींनी वाढणाऱ्या सुनेला खूण केली आणि त्यांच्या पानावर आणखी दहीभात वाढायला सांगितला. “तुझी आई या झाडाखाली साऱ्या आळीला जेवू घालत होती. आज तू आम्हांला जेवू घातलंस. तिचं व्रत मोडलं नाही, एवढं लक्षात ठेव,” त्या म्हणाल्या.

झाड तेवढे राखावे, असे घेणाऱ्यांना सांगून पाहा, अशी सूचना पोस्टमास्तरांनी केली. मित्रांनी तेथूनच दूरध्वनी केला. पलीकडचे गृहस्थ सौजन्याने बोलले. परंतु नव्या इमारतीचा पाया नेमका तेथूनच जाणार असल्याने शब्द देता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. खोटी आशा दाखविली नाही, हेही एक सौजन्यच म्हणावयाचे. मातोश्रींनी नातवाला खाली पडलेले पिकले आवळे वेचायला सांगितले आणि ते आपल्या ओटीत घेतले.

उन्हे कलल्यावर आम्ही जवळच्या मेणवलीला गेलो. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेवरचा चंद्रकोरीसारखा घाट आणि वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली ती मोठी घंटा. परक्या उपासनास्थानासाठी ओतलेली ही घंटा कृष्णेकाठी येऊन किती काळ लोटला! तिच्या साक्षीने घाटाच्या पायरीवर आम्ही तिघे शाळासोबती पाण्यात पाय सोडून बसलो. कोणी फारसे बोलत नव्हते. सांज झाली तेव्हा नवमीचा चंद्र डोक्यावर येत होता. परतीच्या वाटेवर मित्रांनी किल्ल्यांचा जुडगा हातातून खिशात टाकलेला आम्ही पाहिला, आणि आम्हांला बरे वाटले.

अक्षय्य ते काय?

‘अतिथी’ या शब्दाचा अर्थ लहानपणी गुरुजनांनी सांगितला होता: ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी. जे माणसाचे तेच सुखाचेही असावे. आम्ही तीन वेळा तारखा ठरविल्या, आणि त्या टळल्या. ज्या दिवशी काहीच ठरविले नव्हते, त्या दिवशी मित्र भेटले, मातोश्रींची पन्नास वर्षांची इच्छा पुरी झाली, आणि व्रताची नेमकी तिथीही साधली. बेत आखू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. परंतु दारी आलेल्या क्षणाला ‘पुढच्या वर्षी ये’ असे सांगून परत पाठवू नये, एवढे आम्ही त्या दिवशी शिकलो. आपल्या पूर्वजांनी सणाव्रतांची योजना करताना देवाबरोबर आप्तांची पंगत जोडून दिली, ती याच जाणिवेने असली पाहिजे. झाडाची पूजा घरात फांदी आणूनही करता येईल. पण झाडाखाली जेवायचे म्हणजे घर सोडावे लागते, चार माणसे बोलवावी लागतात, आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसावे लागते.

वाडा २०२५ च्या वैशाखात उतरविण्यात आला, आणि आवळीही गेली. पोस्टमास्तरांनी ते कळविले तेव्हा वाईट वाटले. पण धक्का बसला नाही. तिचा निरोप आम्ही रीतसर घेतला होता.

ओटीतल्या आवळ्यांचे सौभाग्यवतींनी लोणचे घातले. त्यांच्या बिया नातवाच्या आग्रहावरून उन्हात वाळत ठेवल्या होत्या. वाळल्यावर त्यांची कठीण कवचे तडकली आणि आतले बारीक दाणे निघाले. ते कुंडीत पेरले, त्यांतून चार रोपे उगवली आणि दोन जगली. एक मित्रांच्या घरी पोचविले. दुसरे आमच्या सज्जात आहे. मातोश्रींना आता अंथरुणातून उठवत नाही. म्हणून कुंडी त्यांना दिसेल अशी खिडकीशी ठेवली आहे. पाणी किती घालावे हे त्या निजूनच सांगतात.

एकदा आम्ही सहज म्हणालो, “याला फळ धरायला सहा-सात वर्षे तरी लागतील. मगच लोणचे.”

मातोश्री हसल्या. “मग मीठ आत्ताच आणून ठेवू नकोस. सावलीचं बघ,” त्या म्हणाल्या.

वाचकहो, ज्यांच्या परसात, मळ्यात किंवा गावी आवळीचे झाड उभे आहे, त्यांनी पौर्णिमेच्या आत एक दिवस काढून त्याच्याखाली पान मांडावे. पक्वान्ने नसली तरी चालतील. डब्यातला उरलासुरला फराळही चालेल. आणि ज्याच्याकडे कित्येक वर्षांत गेलो नाही, अशा एखाद्या स्नेह्याच्या कोपऱ्यावर जाता जाता गाडी थांबवावी. कोणास ठाऊक, दाराआड कोणी त्याच हाकेची वाट पाहत बसलेले असेल.